लोणारचा दल्ला आणि जगाचा सोडा



या व्यासपीठावर गेल्या काही संध्याकाळी आपण संतांविषयी ऐकले, नाटकाविषयी ऐकले. परवाचे वक्ते तर आपणांस थेट ग्रहगोलांपर्यंत नेऊन आले. आज आम्ही आपल्यापुढे सोडा घेऊन उभे आहोत. धुण्याचा सोडा. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला आणि ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. पुढे पत्रिकेत त्यांनी 'एका रासायनिक द्रव्याचा इतिहास' असे भारदस्त नाव छापले, त्याबद्दल त्यांचे आभार मानून आम्ही आमच्या पोत्याकडे वळतो.

आम्ही विद्वान नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर, दिवसभराचे काम आटोपल्यावर वाचले. आयुष्य गेले जिनिंग-प्रेसच्या कामगारांत आणि हमालांत संघटना बांधण्यात. तेव्हा या विषयाकडे आम्ही आलो तेही प्रयोगशाळेतून नव्हे, गोदामाच्या दारातून.

पंचवीसएक वर्षांमागची गोष्ट. एका व्यापाऱ्याच्या गोदामात सोड्याची पोती उतरत असत. वैशाखाचे दिवस, पत्र्याचे छप्पर. पोत्याच्या विणीतून पांढरी भुकटी झिरपे, ती मानेवरच्या घामात कालवली जाई आणि कातडी सोलून निघे. एक वयस्क हमाल आम्हांस म्हणाला, "भाऊ, भाषण द्या लागते त द्या, पण या पोत्याचं काही सांगा. दुसरं पोतं उचललं त अंग दुखते, हे उचललं त अंग जयते." हमालीचा दर वाढवून मागितला तर मालक म्हणत, बाजारात सोड्याचा भाव उतरला आहे, आम्ही कोठून देणार? दोन वर्षांमागे भाव चढला होता तेव्हा दर का वाढला नाही, याचे उत्तर मात्र कोणी देत नसे.

आम्ही द्वारसभा घेतली. त्या काळी आमच्या भाषणांत एक वाक्य हमखास येई आणि टाळी घेऊन जाई. ते असे की, आपल्या वऱ्हाडात लोणारला सोड्याचे भांडार होते, ते इंग्रजांनी विलायती सोडा आणून मारले, नाही तर आज हा सोडा बाहेरून आणण्याची वेळच आली नसती. सभा संपल्यावर एक निवृत्त गुरुजी जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण लोणारात सोडा होता तरी किती? टनांत सांगा, म्हणजे समजेल."

आम्हांस सांगता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही फार दूरवर भटकून आलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या भटकंतीचा हिशेब होय.

मूर्तिजापूरच्या माणसाला क्षार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात आपला जन्म. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस धरत नाही. म्हणून शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा आणि धुताना मूठभर धुण्याचा सोडा हा आपल्या घरचा जुना रिवाज. ज्यांच्या झाडूने महाराष्ट्राची गावे लोटली गेली आणि ज्यांचे बालपण आपल्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात गेले, ते गाडगेबाबा परीट कुळात जन्मले होते. सोडा दुकानात पुडीने मिळू लागण्यापूर्वी परिटाची भट्टी लागे ती खाऱ्या मातीवर आणि सज्जीखारावर. नदीकाठी, शेताच्या चिबडात पांढरी फुललेली माती खरवडून आणायची, ती पाण्यात कालवायची, त्यात कपडे भिजवून वाफवायचे. रसायनशास्त्र ज्याला सोडियम कार्बोनेट म्हणते ते त्या मातीत कमीअधिक असे. लोणारात ते खच्चून होते, एवढाच फरक.

लोणार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. बुलढाणा जिल्ह्यातले ते सरोवर पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाच्या आणि दीडशे मीटर खोल वाटीत बसले आहे. पुराण सांगते की, विष्णूने लवणासुराला येथे मारले. त्याच्या रक्ताचे पाणी झाले आणि मांसाचा क्षार. विज्ञान सांगते की, आकाशातून पडलेल्या अशनीने काळ्या पाषाणात हा खड्डा पाडला. वाटीला झरे येऊन मिळतात, पावसाचे पाणी येते. पण बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हाने उडून जाते आणि पाषाणातून झिजून आलेला क्षार मागे राहतो. हजारो वर्षे हेच चालले आहे. दोन्ही कथांत क्षार शेवटी तळाशीच उरतो, म्हणून आम्ही त्यांचे भांडण लावीत नाही.

अकबराच्या दरबारी अबुल फझलने 'ऐने अकबरी' लिहिली तेव्हा त्याने या तळ्याची नोंद केली. तळ्याभोवतीचे उंच डोंगर, खारे पाणी, काच आणि साबण करण्यास लागणारे द्रव्य, आणि त्यापासून सरकारला येणारा चांगला महसूल, हे सारे तो सांगतो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस मेहकर सरकारातल्या या चिखलाला दिल्ली-आग्ऱ्याच्या दफ्तरात किंमत होती. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर खपल्या धरत. माणसे त्या गोळा करीत, चिखलात उतरून खडे काढीत, सुकवीत, प्रतीप्रमाणे वेगळे करीत. या प्रतींना नावे होती. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी ती नावे, आणि ज्या मालाला इतकी नावे असतात त्याचे गिऱ्हाईकही जाणते असते. साबणवाला, रंगारी, बांगड्यांची काच करणारा कासार, पापडखार विकणारा किराणेवाला, वैद्य, सगळ्यांना तो हवा असे. हक्क मात्र सरकारचा. तळे मक्त्याने दिले जाई आणि चिखलात उतरणाऱ्याला मजुरी मिळे. मक्तेदार बदलले, सरकारे बदलली, चिखलात उतरणारे तेच राहिले.

आता लोणारची गोष्ट क्षणभर तेथेच ठेवून आम्ही आपणांस युरोपात नेतो. कारण लोणारच्या दल्ल्याचे भवितव्य तिकडे ठरत होते आणि इकडे कोणाला त्याची गंधवार्ताही नव्हती.

अठराव्या शतकात युरोपात कापड, काच आणि साबण यांचे कारखाने वाढू लागले, आणि तिन्हींना सोडा हवा. तो कोठून येई? वनस्पतींच्या राखेतून. स्पेनच्या किनाऱ्यावरच्या झुडपांची राख, आणि स्कॉटलंडच्या बेटांवर समुद्री शेवाळ जाळून केलेली राख. तिला तिकडे केल्प म्हणतात. नेपोलियनच्या युद्धांत स्पेनचा माल अडला आणि या केल्पचा भाव टनाला २० पौंडांच्या घरात गेला. बेटांवरचे शेतकरी कमरेइतक्या थंड पाण्यात उभे राहून शेवाळ कापीत आणि किनाऱ्यावर जाळीत. त्यांच्या हाती टनामागे दोन-तीन पौंडांपलीकडे क्वचितच पडे; उरलेले जमीनदाराचे.

येथे एक बाब आमच्यासारख्याच्या डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही. हे गरीब लोक अमेरिकेला निघून जाऊ लागले, तेव्हा मजूर हातचे जातील म्हणून जमीनदारांनी जोर लावला आणि १८०३ साली प्रवासी जहाजांविषयी एक कायदा झाला. प्रवाशांच्या आरोग्याची काळजी हे त्याचे नाव. परिणाम असा की तिकीट महागले आणि माणूस बेटावरच अडकला. पुढे युद्ध संपले, परदेशी मालावरची जकात उतरली, केल्पचा भाव कोसळला. आता तीच माणसे जमीनदाराला भार वाटू लागली. १८२७ साली ते निर्बंधही उठले आणि माणसांना जहाजांत घालून रवाना करणे सोपे झाले. भाव चढला तेव्हा जाऊ दिले नाही, उतरला तेव्हा राहू दिले नाही. त्यांच्या गोऱ्या कातडीचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

भाव कोसळण्यामागे आणखी एक कारण होते. साध्या मिठापासून सोडा करण्याची युक्ती निघाली होती. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यासाठी बक्षीस लावले होते आणि निकोलास लब्लांक नावाच्या वैद्याने ती युक्ती साधली. १७९१ साली त्याला पेटंट मिळाले. बक्षीस मात्र कधी मिळाले नाही. क्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना जप्त झाला. पुढे परत मिळाला तो भांडवलावाचून. १८०६ साली त्याने स्वतःचा प्राण घेतला. मिठात गंधकाम्ल ओतायचे, निघालेल्या पदार्थात कोळसा आणि चुनखडी घालून भाजायचे, ती काळी राख पाण्यात विरघळवून सोडा काढायचा, अशी ती कृती.

इंग्लंडात ही कृती परवडत नव्हती, कारण मिठावर जबर कर होता. तो आधी उतरला आणि १८२५ साली उठला. जेम्स मस्प्रॅट याने १८२३ सालीच लिव्हरपुलात कारखाना घातला होता. येथे जरा थांबावेसे वाटते. कारखानदारांना सोडा स्वस्त पडावा, एवढ्याने इंग्लंडातल्या मिठावरचा कर गेला असे नाही. पण तो गेल्याने सोड्याचा धंदा उभा राहिला हे निश्चित. आणि त्याच इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानच्या मिठावरचा कर पुढे सव्वाशे वर्षे राहिला. आपल्या अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला १९३० साली खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी सत्याग्रह केला, तो याच कराविरुद्ध. चुलीसाठी मीठ सुटावे म्हणून तो लढा होता. पण ज्या देशात मिठावर कर, त्या देशात मिठापासून होणारा धंदा कसा उभा राहावा, हा प्रश्नही त्या खाऱ्या विहिरीतच होता.

लिव्हरपूल हे नाव मूर्तिजापूरच्या जुन्या लोकांना नवे नाही. आपल्या कापसाचा भाव तेथे फुटत असे. अमेरिकेतल्या यादवीने १८६१ ते १८६५ या काळात कापूस सोन्याच्या भावाने गेला, आणि १८६७ साली मुंबईची आगगाडी आपल्या गावावरून नागपूरला पोहोचली. त्याच लिव्हरपुलाशेजारी, मर्सी नदीच्या काठच्या विडनेसला आणि सेंट हेलेन्सला सोड्याच्या भट्ट्या पेटल्या होत्या. आपला कापूस लँकेशायरात जाऊन कापड होई, ते कापड सोड्याने धुतले जाई, आणि ज्या नदीच्या मुखाने कापूस आत जाई त्याच मुखाने सोड्याची पिंपे बाहेर पडून मुंबईस लागत. १८६९ साली सुवेझचा कालवा उघडला आणि अंतर आणखी घटले. आगगाडी मूर्तिजापुरावरून गेली. लोणारावरून गेली नाही. दल्ला बैलगाडीनेच घाट उतरत राहिला. भाव ठरविणाऱ्या गोष्टींत रसायनशास्त्राइतकाच रूळ कोठून जातो यालाही मान आहे, हे आपल्या गावाला सांगायला नको.

त्या भट्ट्यांवर काम करणाऱ्यांविषयी वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. मिठात गंधकाम्ल ओतले की आम्लाची वाफ सुटे. आसपासची झाडे जळत, शेते करपत. जमीनदारांनी ओरड केली आणि १८६३ साली ही वाफ कोंडून धरण्याचा कायदा झाला. झाडांसाठी झाला. भट्टीवरच्या माणसाचे दात त्याच वाफेने झिजत झिजत मुळापर्यंत जात, त्यासाठी तेव्हा काही झाले नाही. कोंडलेल्या आम्लापासून पुढे कापड पांढरे करण्याची ब्लीचिंग पावडर होऊ लागली. ती पिंपांत भरणारे लोक तोंडाला फ्लॅनेलच्या घड्यांवर घड्या बांधून, डोळ्यांवर चष्मे चढवून कोठडीत शिरत आणि थोड्या वेळात हाश्शहुश्श करीत बाहेर येत. १८९७ साली रॉबर्ट शेरार्ड या पत्रकाराने त्यांच्यावर लिहिले आणि पुस्तकाला 'इंग्लंडचे गोरे गुलाम' अशा अर्थाचे नाव दिले. आपल्या जिनात रेच्यावर उभ्या असलेल्या बाया तोंडाला पदर बांधतात. आम्हांला ते चित्र ओळखीचे वाटले.

म्हणजे ज्या विलायती सोड्याला आम्ही द्वारसभेत शिव्या घालीत होतो, तो तिकडच्या हमालाच्या दातांवर स्वस्त झाला होता.

मग आला सॉल्वे. बेल्जमचा अर्नेस्ट सॉल्वे. त्याने १८६१ साली पेटंट घेतले. मिठाचे पाणी, चुनखडी आणि मध्यस्थ म्हणून अमोनिया. अमोनिया पुन्हा पुन्हा वापरता येतो, म्हणून खर्च होतात ते मीठ, चुनखडी आणि जळण. जुन्या पद्धतीतला घाणेरडा कचरा नाही, कोळसाही कमी. जॉन ब्रनर आणि लुडविग मॉन्ड या दोघांनी परवाना घेऊन १८७३ साली चेशायर परगण्यात विनिंग्टनला कारखाना घातला. दोन दशकांत सोड्याचा भाव निम्म्याहूनही खाली आला. जुन्या पद्धतीचे कारखानदार १८९० साली एकत्र येऊन एक मोठी कंपनी करून बसले, तरी त्यांची घसरण थांबली नाही. ब्रनर-मॉन्डने १८८९ साली आपल्याकडे आठ तासांची पाळी सुरू केली, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मालकाने केलेली चांगली गोष्ट सांगताना आमची जीभ अडखळते, हा धंद्याचा दोष समजून आपण क्षमा करावी. त्याच कंपनीने सॉल्वेशी करार करून जगाच्या बाजारपेठा वाटून घेतल्या, आणि त्या वाटणीत हिंदुस्थान इंग्रज कंपनीच्या पानात पडला, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९२६ साली ती इतर तीन कंपन्यांबरोबर मिळून इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज झाली. नावातच साम्राज्य होते.

आता गुरुजींचा प्रश्न. टनांत सांगा.

१९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्ती या दोघा अधिकाऱ्यांचा लोणारवरील वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांनी पाणी तपासले, चिखल तपासला, आणि पाण्यातला व वरच्या थरातल्या चिखलातला सोडा मिळून जो हिशेब निघाला तो काही हजार टनांचा होता. लाख नव्हे, काही हजार. आज सौराष्ट्राच्या टोकाला मिठापूरचा एकटा कारखाना वर्षाला दहा लाख टनांच्या घरात सोडा काढू शकतो. म्हणजे रोज अडीच हजार टनांच्या वर. अबुल फझलने वाखाणलेले, लवणासुराच्या मांसाने भरलेले आमचे भांडार त्या कारखान्याच्या दोन-चार दिवसांचे काम होते.

हा आकडा प्रथम वाचला त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, असे म्हटले तर आपण हसाल. पण वर्षानुवर्षे ज्या वाक्यावर टाळ्या घेतल्या ते वाक्य पोकळ निघाले, तर बोलणाऱ्या माणसाचे काय होते ते बोलणाऱ्यालाच ठाऊक. विलायती सोडा आला नसता तरी लोणारने देशाची गरज भागवली नसती. एखाद्या वाढत्या साबण कारखान्याचीही फार दिवस भागवली नसती.

परंतु वाक्य निम्मेच पोकळ होते, हेही आम्ही पुढे ओळखले. लोणारचा दल्ला देशाला पुरणार नव्हता, पण लोणारच्या आसपासच्या माणसांच्या चार महिन्यांना तो पुरत होता. खरिपाची कामे संपली की उन्हाळ्यात हाताला काम आणि गाठीला दमड्या एवढे त्याचे मोल. बाहेरचा स्वस्त, एकसारखा, स्वच्छ सोडा बाजारात आला तेव्हा रंगाऱ्याने आणि साबणवाल्याने तो घेतला, आणि त्यात त्यांचा दोष काय? मक्त्याची बोली उतरली, मक्तेदार दुसऱ्या धंद्याला लागला. चिखलात उतरणाऱ्याला दुसरा धंदा कोणी दाखवला नाही. स्कॉटलंडच्या बेटावरचा शेवाळ जाळणारा आणि लोणारचा खपल्या वेचणारा यांची जन्मात भेट झाली नाही. दोघांचे हिशेब मात्र एकाच वहीत बंद झाले.

निसर्गाचा सोडा नेहमीच हरतो, असे मात्र समजू नये. आफ्रिकेत केनियात मगाडी नावाचे तळे आहे. लोणारसारखेच खारे, पण अवाढव्य. काढाल तेवढा सोडा झऱ्यांनी पुन्हा येतो. तेथली जमीन मसाई गुराख्यांची. १९०४ आणि १९११ च्या करारांनी मसाई लोकांना त्यांच्या उत्तरेकडच्या कुरणांतून हलविण्यात आले. १९११ सालीच मगाडी सोडा कंपनी निघाली, तळ्यापर्यंत आगगाडीचा फाटा गेला, आणि १९२४ साली ती ब्रनर-मॉन्डच्या हाती आली. अमेरिकेत वायोमिंग संस्थानात १९३८ साली तेलासाठी भोके पाडताना जमिनीखाली असाच नैसर्गिक सोडा सापडला, आणि तो इतका की पिढ्यान्‌पिढ्या संपायचा नाही. लोणारचे दुर्दैव असे की ते होते सुंदर, जुने आणि लहान.

आपल्या देशात सोड्याचा कारखाना प्रथम उभा राहिला तो काठेवाडात ध्रांगध्रा संस्थानात, १९२० नंतरच्या दशकात. बडोदे संस्थानाच्या ओखामंडळात कपिलराम वकील यांनी मिठागरे सुरू केली होती. तेथेच १९३९ साली टाटांनी रासायनिक कंपनी काढली आणि गावाला नाव पडले मिठापूर. सॉल्वेची कृती पुस्तकात वाचायला मिळे, पण कारखाना चालविण्याचे मर्म ज्या मोजक्या कंपन्यांजवळ होते त्या ते कोणाला देत नसत. आपल्या लोकांनी चुकत, फोडत, पुन्हा जोडत ते साधले. इंग्रज कंपनीने खेवड्याच्या मिठाच्या खाणीशेजारी १९४४ साली आपला कारखाना चालू केला, तो १९४७ साली पाकिस्तानात गेला.

तरी आमच्या घरी सोडा शिरला तो कारखान्यांच्या इतिहासातून नव्हे, पिवळ्या पुडीतून. करसनभाई पटेल यांनी १९६९ साली अहमदाबादेत निरमा पावडर घरच्या घरी करून सायकलवर विकायला सुरुवात केली. त्या स्वस्त पुडीत मोठा भाग सोड्याचा. आमच्या आईने तोवर साबणाची वडी दोऱ्याने कापून तुकडा तुकडा वापरला होता. पुडी आली आणि बादलीभर फेस दिसला. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडत, त्यांत ती रात्री खोबरेल भरी. कपडे स्वच्छ निघतात या आनंदात भेगांचा दोष तिने पुडीला कधी दिला नाही. पुढे त्याच कंपनीने सोड्याचा स्वतःचा मोठा कारखाना भावनगरजवळ उभारला.

मग भावाचे राजकारण सुरू झाले. अमेरिकेतल्या सोडेवाल्यांनी १९८३ साली निर्यातीसाठी आपला एक संघ केला. घरी ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी, बाहेर मात्र एका भावाने विकणारे. आपल्या सोडेवाल्यांनी तक्रार केली आणि १९९६ साली मक्तेदारी आयोगाने त्या संघाला मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००२ साली तो मनाई हुकूम रद्द झाला. या झगड्यात देशी सोडेवाले एका बाजूला आणि काचवाले दुसऱ्या बाजूला होते. कारण उघड आहे. जगातल्या सोड्यापैकी निम्म्याच्या आसपास काचेत जातो. फिरोजाबादेच्या बांगडीवाल्याला सोडा स्वस्त हवा, मिठापूरच्या कामगाराला तो महाग हवा. दोघेही आमचेच. संघटनेचा माणूस म्हणून आम्ही कोणाची बाजू घ्यावी? पुष्कळ वर्षे आम्ही या प्रश्नाला बगल दिली. आता एवढेच म्हणतो की, मालाच्या भावाला मजुरी बांधू नये. भाव कोणाच्याही बाजूने गेला तरी पाठ एकच असते.

आमच्या गोदामातल्या लढ्याचा शेवटही याच धर्तीवर झाला. हमालांचा जो कायदा १९६९ साली महाराष्ट्रात झाला, तो हाती घेऊन आम्ही बसलो आणि मालकाला म्हटले की भावाची गोष्ट तुमची तुम्ही सांभाळा, आम्ही पोत्याची बोलतो. हातमोजे, मानेवर टाकायला जाड कापड, काम संपल्यावर धुवायला भरपूर गोडे पाणी, आणि सोड्याच्या पोत्याला इतर पोत्यांहून वेगळा दर. या चारांपैकी तीन मिळाले. गोडे पाणी मिळायला आणखी दोन उन्हाळे गेले. पण गावालाच जे मिळत नव्हते त्याचा दोष एकट्या मालकाला देता येत नाही.

२००५ साली वर्तमानपत्रात आले की टाटांच्या कंपनीने खुद्द ब्रनर-मॉन्डच विकत घेतली, विनिंग्टनही आले आणि मगाडीही आली. त्या दिवशी आम्ही चहा सांगितला, हे कबूल करतो. ज्यांनी मर्म लपविले त्यांच्या कारखान्याची किल्ली आपल्या हाती आली, याचा कोणाला आनंद होणार नाही? पुढे २०१४ साली विनिंग्टनमधला सोडा बंद झाला आणि दोनशेवर माणसे घरी बसली. २०२५ च्या आरंभी शेजारच्या लॉस्टॉकमधलाही थांबला आणि ज्या देशाने जगाला सोडा पुरविला त्या देशात सोडा होणेच बंद झाले. या खेपेस चहा सांगावासा वाटला नाही.

आज जगात वर्षाला ६ कोटी टनांहून अधिक सोडा होतो आणि त्यात जवळजवळ निम्मा वाटा चीनचा आहे. २०२३ साली चीनच्या आतल्या मंगोलियात नैसर्गिक सोड्याची प्रचंड खाण चालू झाली. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या तावदानांना काच लागते आणि काचेला सोडा, म्हणून मागणी वाढेल अशी सगळ्यांची अटकळ होती. माल त्याहून जास्त झाला आणि भाव पडला. आपल्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये टनाला २०,१०८ रुपयांहून कमी भावाने सोडा आयात करू नये असे ठरविले. किलोला वीस रुपये. मंगोलियातल्या खाणीने मूर्तिजापूरच्या वाण्याच्या तागडीत हात घालावा, यात आता नवल राहिलेले नाही.

लोणार २००० साली अभयारण्य झाले आणि २०२० साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले आणि देशभरचे लोक चित्रे पाहत राहिले. तेथला क्षार आता कोणी उचलायचा नाही, आणि ते योग्यच आहे.

गुरुजी आज हयात नाहीत. आकडा मिळाला तेव्हा तो त्यांना सांगायला आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. ते अंथरुणावर होते. आकडा ऐकून म्हणाले, "बरं झालं. आता ते वाक्य सोडा." आम्ही सोडले. गेल्या उन्हाळ्यात आमच्या संघटनेची काही मंडळी सहलीला लोणारला गेली, आम्हीही होतो. काठावर पाणी हटलेल्या जागी पांढरी खपली धरली होती. गोदामातला तो वयस्क हमाल, आता त्याचे काम सुटले आहे, खाली बसला, बोटाने खपली खरवडली, अंगठ्याने चोळली आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, हे त आपलंच पोतं व्हय!" रखवालदाराने लांबून हटकले, तशी त्याने चिमूट होती तेथेच झाडली आणि वर धारेच्या गोड्या पाण्याकडे हात धुवायला गेला.